शुन्सुके नाकामुरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शुन्सुके नाकामुरा कोण?

जपानचा निवृत्त आक्रमक मिडफिल्डर. जन्म २४ जून १९७८, योकोहामा. व्यावसायिक कारकीर्द १९९७ ते २०२२. जपानकडून ९८ सामने, २४ गोल. क्लब क्रमाने असे: योकोहामा मारिनोस, इटलीतला रेज्जीना, स्कॉटलंडचा सेल्टिक, स्पेनचा एस्पान्योल, पुन्हा मारिनोस, जुबिलो इवाता आणि शेवटी योकोहामा एफसी. वेग साधारण, अंगकाठी किरकोळ, हेडिंग जेमतेम. पण डाव्या पायाची अचूकता अशी की थांबलेल्या चेंडूवर त्याच्या पिढीत आशियात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता.

नाकाता आणि नाकामुरा एकच का?

नाही, आणि हा गोंधळ फार होतो. हिदेतोशी नाकाता त्याच्यापेक्षा दीड वर्षाने मोठा. तो १९९८ मध्ये पेरुजाला गेला, २००१ मध्ये रोमाकडून इटालियन लीग जिंकला आणि २००६ च्या विश्वचषकानंतर वयाच्या २९ व्या वर्षीच थांबला. जपानच्या संघात नाकाता ७ नंबर घालायचा, नाकामुरा १०. तिसरा एक केंगो नाकामुरा, कावासाकी फ्रोंताले या एकाच क्लबकडून खेळलेला, २०२० मध्ये निवृत्त झालेला. जुन्या सामन्यांच्या चित्रफितींखाली ही तिन्ही नावे सर्रास एकमेकांच्या जागी पडलेली दिसतात. पाय डावा असेल तर शुन्सुके; उरलेले दोघे उजव्या पायाचे.

त्याचे नाव पहिल्यांदा कधी गाजले?

शाळेत असताना. मारिनोसच्या कनिष्ठ गटात तो होता, पण पुढच्या युवा संघात त्याला घेतले नाही. शरीर लहान हे मुख्य कारण. मग तो कावासाकीतल्या तोको गाकुएन शाळेच्या संघात गेला. जपानमध्ये शालेय फुटबॉलची हिवाळी राष्ट्रीय स्पर्धा टीव्हीवर दाखवतात आणि तिचा प्रेक्षकवर्ग मोठा आहे. जानेवारी १९९७ च्या अंतिम सामन्यात त्याची शाळा हरली, पण पोरगा सगळ्यांना दिसला, आणि ज्या मारिनोसने त्याला गाळले होते त्यांनीच त्याला व्यावसायिक करारावर घेतले. पुढे केइसुके होंदाच्या बाबतीतही असेच झाले. गांबा ओसाकाने त्याला युवा संघात घेतले नाही आणि तोही शाळेच्या संघातून वर आला. जपानमध्ये क्लब अकादमी आणि शाळा असे दोन रस्ते शेजारी शेजारी चालतात. एका रस्त्यावर चाळणी चुकली तरी दुसऱ्यावर मुलगा सापडतो. या व्यवस्थेच्या बाजूने बोलताना नाकामुराचे उदाहरण आजही पहिले दिले जाते.

२००२ च्या विश्वचषकात तो का नव्हता?

तेव्हाचे प्रशिक्षक फिलिप त्रूसिए यांनी त्याला अंतिम २३ जणांत घेतले नाही. दोन वर्षांपूर्वी, २००० मध्ये, तो जपानी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता आणि लेबनॉनमधला आशिया चषक जिंकणाऱ्या संघात होता. अंतिम सामन्यात सौदी अरेबियाविरुद्धचा एकमेव गोल त्याच्याच फ्री-किकवर (फाउलनंतर थांबलेल्या चेंडूवर मारायचा फटका) झाला होता. त्रूसिए त्याला मध्यभागी न खेळवता डाव्या कडेला ठेवत, आणि तिथे धावपळ व बचाव दोन्ही लागतात. निव्वळ फुटबॉलच्या हिशेबात निर्णय समजण्यासारखा होता, लोकांच्या मनात मात्र तो कधीच बसला नाही. त्यातून अंतिम सामना झाला योकोहामात, म्हणजे त्याच्याच गावात.

विश्वचषकानंतर ब्राझीलचे माजी खेळाडू झिको प्रशिक्षक झाले. स्वतः फ्री-किकचे उस्ताद असल्यामुळे त्यांनी संघाची रचनाच नाकामुराभोवती केली.

सेल्टिकमध्ये त्याने असे काय केले की ग्लासगोत आजही त्याचे नाव निघते?

२००५ मध्ये गॉर्डन स्ट्रॅकन यांनी त्याला रेज्जीनाहून आणले. चार हंगामांत तीन लीग विजेतेपदे (२००६, २००७, २००८), एक स्कॉटिश चषक आणि दोन लीग चषक. पण लोक आठवतात ते दोन फटके.

पहिला १३ सप्टेंबर २००६, ओल्ड ट्रॅफर्ड. मँचेस्टर युनायटेड २-१ पुढे असताना ४३ व्या मिनिटाला त्याने फ्री-किकवर बरोबरी साधली. सामना सेल्टिक ३-२ हरले. दुसरा २१ नोव्हेंबर २००६, सेल्टिक पार्क. ८१ वे मिनिट, गोल सुमारे २७ मीटरवर, समोर पुन्हा युनायटेडचा गोलरक्षक एडविन व्हॅन डर सार. चेंडू वरच्या कोपऱ्यात. शेवटी शेवटी लुई साहाची पेनल्टी गोलरक्षक आर्तुर बोरुत्सने अडवली, सेल्टिक १-० जिंकले आणि चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीत पहिल्यांदाच पोचले. एकाच गोलरक्षकाला, एकाच हंगामात, त्याच हत्याराने दोनदा चकवणे ही गोष्ट पहिल्या गोलाला नशीब म्हणणाऱ्यांचे तोंड बंद करणारी होती.

त्याच हंगामात २२ एप्रिल २००७ रोजी किल्मारनॉकच्या मैदानावर ९० मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत मारलेल्या फ्री-किकने लीग विजेतेपद पक्के झाले. त्या वर्षी स्कॉटलंडमधले खेळाडूंनी निवडलेले आणि क्रीडा पत्रकारांनी निवडलेले, असे दोन्ही सर्वोत्तम खेळाडू पुरस्कार त्याला मिळाले.

त्याच्या फ्री-किकमध्ये नेमके वेगळे काय होते?

आधी अडचण किती मोठी ते मोजून पाहू. नियमानुसार बचावपटूंची भिंत चेंडूपासून ९.१५ मीटरवर. उडी मारणाऱ्या बचावपटूंचे डोके अडीच मीटरच्या आसपास जाते. गोलची आडवी दांडी २.४४ मीटरवर. म्हणजे चेंडू नऊ मीटरवर दांडीपेक्षा उंच हवा आणि सत्तावीस मीटरवर दांडीखाली. ताशी ९० किलोमीटर वेगाने, साधारण २० अंशांत उचललेला चेंडू हवा नसती तर दांडीच्या मीटरभर वरून गेला असता. त्याला खाली आणतात दोन गोष्टी: हवेचा अवरोध आणि फिरकी. नुसती आडवी फिरकी असेल तर चेंडू बाजूला वळतो, खाली येत नाही. फिरकीचा अक्ष किंचित कलता असला की तो वळतोही आणि बुडतोही. नाकामुराची कमाल या कलत्या अक्षात होती.

तो अक्ष येतो शरीराच्या कलातून. डाव्या पायाने मारताना त्याचा उजवा पाय जमिनीवर जवळजवळ आडव्या कडेवर टेकायचा, घोटा बाहेरच्या बाजूला झुकलेला, धड उजवीकडे कललेले. त्यामुळे डावा पाय चेंडूच्या खालून वर आणि पलीकडे असा तिरका घासत जायचा. फोटो थांबवून पाहिला तर माणूस पडतोय असे वाटते.

दुसरी गोष्ट, धाव आणि फटक्याची तयारी प्रत्येक वेळी सारखीच असायची. गोलरक्षकाला खांद्यावरून किंवा पावलांच्या लांबीवरून काही ताडता येत नसे. उजव्या बाजूच्या फ्री-किकवर डाव्या पायाचा चेंडू गोलरक्षकाला लांबच्या खांबाबाहेर जातोय असा दिसतो आणि शेवटच्या काही मीटरांत आत येतो. हवेतला एकूण वेळ सव्वा सेकंदाच्या आसपास. त्यातला पहिला भाग भिंतीमुळे दिसत नाही. गोलरक्षकाने थांबून पाहिले तर उशीर होतो, आधी निघाला तर जवळचा कोपरा उघडा पडतो.

ही फ्री-किक शिकायची असेल तर कशी शिकावी?

खाली सगळे डाव्या पायाचे लिहिले आहे. उजव्या पायाच्यांनी बाजू उलट करून वाचावे.

चेंडू ५ नंबरचा, वजन ४१० ते ४५० ग्रॅम, हवेचा दाब ०.६ ते १.१ वातावरण. बारा वर्षांखालील मुलांना ४ नंबरचा द्या. मऊ पडलेला चेंडू पायाला सुखाचा वाटतो पण फिरकी धरत नाही, आणि फार कडक चेंडू बोटांच्या सांध्याला ठणका देतो.

पहिले दोन आठवडे भिंत नको. गोलपासून १८ मीटरवर चेंडू ठेवा. चेंडूच्या मागे, उजव्या हाताला, गोलच्या दिशेशी ४५ अंशांहून थोडा जास्त कोन धरून उभे राहा. तीन ते पाच पावले पुरतात. शेवटचे पाऊल लांब टाकायचे. उजवा पाय चेंडूच्या बाजूला, साधारण वीतभर अंतरावर, चेंडूच्या मध्याशी समांतर किंवा कणभर मागे. बोटे गोलच्या ज्या कोपऱ्यात मारायचे तिकडे नव्हे, त्याच्या थोडी बाहेर. फटका अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या हाडाच्या भागाने, चेंडूच्या डाव्या-खालच्या चतुर्थांशावर. घोटा ताठ. फटक्यानंतर डावा पाय शरीराच्या आडवा उजवीकडे जातो, तो अडवू नका.

चेंडू वळायला लागला की ९.१५ मीटरवर अडथळा लावा. मोठ्या माणसाची दहा लांब पावले भरतात. अडथळा १.८ मीटरपासून सुरू करून हळूहळू २.४ मीटरपर्यंत न्या आणि चेंडू मागे नेत २२ ते २५ मीटरवर या. बऱ्याच जणांना वाटते की जितके जवळ तितके सोपे. उलट आहे: १८ मीटरवर भिंतीनंतर चेंडूला खाली यायला नऊच मीटर उरतात, त्यामुळे वेग कमी करावा लागतो आणि गोलरक्षकाला वेळ मिळतो.

सराव करूनही चेंडू हवा तसा जात नाही. चूक कुठे शोधायची?

चेंडू दांडीवरून जात असेल तर बहुतेक वेळा धड मागे झुकते. कल बाजूला हवा, मागे नको. हनुवटी चेंडूवर ठेवली की निम्मा दोष जातो.

चेंडू भिंतीत जात असेल तर संपर्क चेंडूच्या मध्यरेषेवर होतोय; दोन बोटे खाली या.

चेंडू वर जातो पण वळत नाही, ही सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार. तिचे कारण फटक्यात नसून टेकलेल्या पायात असते. तो पाय चेंडूला चिकटून पडला की मारणाऱ्या पायाला फिरायला जागाच राहत नाही आणि फटका सरळ बसतो. पाय चार बोटे लांब टाकून पाहा.

चेंडू भलताच वळतो पण जोर नाही, म्हणजे तुम्ही चेंडू नुसता घासता आहात. फटक्याच्या क्षणी घोटा सैल पडतोय का ते पाहा.

एका बैठकीत २५ ते ३० फटके पुरे. त्यापुढे मांडीच्या आतल्या स्नायूवर आणि टेकलेल्या पायाच्या घोट्यावर ताण येतो, आणि थकलेल्या पायाने मारलेले फटके चुकीचीच सवय लावतात. नाकामुरा शालेय दिवसांपासून वहीत सरावाची आणि सामन्यांची टिपणे ठेवायचा. पुढे ती वही पुस्तकरूपाने छापलीही गेली. कुठून मारला, कुठे गेला, काय बदलले, एवढ्या तीन नोंदी ठेवल्या तरी महिनाभरात स्वतःचा दोष कागदावर दिसतो.

एवढा अचूक माणूस २००४ मध्ये पेनल्टी कशी चुकला?

चीनमधल्या आशिया चषकाची उपांत्यपूर्व फेरी, चोंगचिंग, समोर जॉर्डन. शूटआउटमध्ये जपानची पहिली पेनल्टी नाकामुराने घेतली. टेकवलेल्या उजव्या पायाखालची हिरवळ सरकली आणि चेंडू दांडीवरून गेला. दुसरी पेनल्टी घेणारा अलेक्सही तसाच घसरला. कर्णधार त्सुनेयासु मियामोतोने पंचांना जमीन दाखवून बाजू बदलायला सांगितली, पंचांनी ते मान्य केले, आणि गोलरक्षक योशिकात्सु कावागुचीच्या जोरावर जपान ०-२ वरून सुटले.

ज्याचा सगळा फटका टेकलेल्या पायाच्या कलावर उभा आहे, त्याला भुसभुशीत जमीन सगळ्यात आधी दगा देते. तसे मारणाऱ्याने सामन्याआधी पेनल्टीची जागा आणि पेटीबाहेरचा पट्टा पायाने दाबून पाहावा, आणि ओल्या मैदानावर लांब स्टडचे बूट घालावेत.

ती स्पर्धा जपानने जिंकली आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला नाकामुराच.

ग्लासगोच्याच रेंजर्सविरुद्धचा तो लांबून मारलेला गोल फ्री-किकच होता ना?

नाही. १६ एप्रिल २००८ चा तो गोल खेळ चालू असताना तीसेक यार्डांवरून मारलेला होता, आणि चेंडू नेहमीच्या कमानीत न जाता हवेत दिशा बदलत गेला. त्याचा अभ्यास वेगळा करावा. वर दिलेल्या पद्धतीने तो येत नाही.

विश्वचषकात तो अपयशी ठरला हे खरे का?

बऱ्याच अंशी खरे. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याचा उंच टाकलेला चेंडू थेट जाळ्यात गेला, पण जपान ३-१ हरले आणि गटातच संपले. २०१० मध्ये स्पर्धेच्या तोंडावर प्रशिक्षक ताकेशी ओकादा यांनी संघाचा ढाचा बदलला आणि होंदाला पुढे आणले. नाकामुरा फक्त नेदरलँड्सविरुद्ध बदली म्हणून उतरला. त्यानंतर डेन्मार्कविरुद्ध जपानने ३-१ विजय मिळवला, आणि त्यातले दोन गोल थेट फ्री-किकवर झाले, एक होंदाचा, एक यासुहितो एंदोचा. तारीख २४ जून. बाकावर बसलेल्या नाकामुराचा तो बत्तिसावा वाढदिवस होता. स्पर्धेनंतर त्याने राष्ट्रीय संघातून निवृत्ती घेतली.

जपानच्या निळ्या जर्सीतला त्याचा चांगला खेळ पाहायचा तर विश्वचषक सोडून २००४ चा आशिया चषक आणि २००५ च्या कॉन्फेडरेशन्स चषकातला ब्राझीलविरुद्धचा २-२ सामना पाहावा.

युरोपातून परतल्यावर तो नावापुरताच खेळला का?

मुळीच नाही. एस्पान्योलमध्ये तो रमला नाही आणि २०१० मध्ये मारिनोसला परतला. २०१३ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी, लीगमध्ये १० गोल करून तो पुन्हा सर्वोत्तम खेळाडू ठरला. हा पुरस्कार दोनदा मिळवणारा तो पहिलाच. विजेतेपद मात्र शेवटच्या दिवशी सानफ्रेचे हिरोशिमाने नेले. त्याची भरपाई १ जानेवारी २०१४ रोजी झाली: सम्राट चषकाच्या अंतिम सामन्यात मारिनोसने त्याच हिरोशिमाला २-० हरवले.

जपानच्या पहिल्या श्रेणीत थेट फ्री-किकवर त्याच्या नावावर २४ गोल आहेत. हा विक्रम आहे, आणि त्याच्या मागचा एंदो १७ वर थांबला. आता फ्री-किक घेण्याची संधी एकाच माणसाला वर्षानुवर्षे देणारे संघ कमी झालेत, त्यामुळे हा आकडा लवकर हलेल असे वाटत नाही.

मग त्याचा वारसा कुठे दिसतो?

सगळ्यात ठळक सेल्टिकमध्ये. सेल्टिकचा पहिला जपानी खेळाडू तोच. २०२१ मध्ये आंगे पोस्टेकोग्लू प्रशिक्षक झाले, ते थेट योकोहामा एफ मारिनोसहून (मारिनोसचेच नंतरचे नाव). त्यांनी क्योगो फुरुहाशी, दाइझेन माएदा, रेओ हाताते यांना आणले. माहिती पोस्टेकोग्लूंची होती हे खरे, पण जपानी खेळाडू स्कॉटलंडच्या थंडीत आणि धसमुसळ्या खेळात टिकेल का, हा प्रश्न तिथल्या प्रेक्षकांनी विचारलाच नाही. त्याचे उत्तर २००७ मध्येच मिळाले होते. खेळाडूंनी निवडलेला सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार पुढे २०२३ मध्ये फुरुहाशीला आणि २०२५ मध्ये माएदाला मिळाला.

खेळण्याच्या शैलीचा वारसा मात्र पातळ होत गेला. मध्यभागी उभा राहून चेंडू वाटणारा १० नंबर आजच्या जपानी संघात नाही. कडेने धावणारे, दाब टाकणारे खेळाडू आलेत. नाकामुरा आज अठरा वर्षांचा असता तर त्याला जागा मिळाली असती का, यावर जपानी चाहते अजून भांडतात.

भारताविरुद्ध तो खेळला आहे का?

हो. २००६ च्या विश्वचषक पात्रता फेरीत ९ जून २००४ रोजी साइतामा इथे जपानने भारताला ७-० हरवले. त्यातला एक गोल नाकामुराचा.

जुनी जर्सी विकत घ्यायची आहे. खरी कशी ओळखावी?

सेल्टिकमध्ये त्याचा नंबर २५ होता. सेल्टिकच्या जर्सीवर नाकामुरा आणि १० नंबर असेल तर पुढे पाहूच नका. त्याच्या काळातली जर्सी नाइकीची, छातीवर कार्लिंग या प्रायोजकाचे नाव. आतल्या धुलाईच्या पट्टीवर उत्पादनाचा क्रमांक असतो. तो शोधून त्याच हंगामाच्या, त्याच रंगाच्या जर्सीशी जुळतो का ते पाहा. बाहीवर स्कॉटिश लीगचा बिल्ला की चॅम्पियन्स लीगचा ताऱ्यांचा, यावर किंमत बरीच बदलते, आणि बिल्ला मागाहून चिकटवणे सोपे असते. बिल्ल्याभोवतीचे कापड जर्सीइतकेच जुने दिसते का ते उजेडात तपासा. जपानची जर्सी आदिदासची, नंबर १०. योकोहामा एफसीची २०१९ ची हवी असेल तर नंबर ४६.

त्याची मैदाने पाहायची तर?

योकोहामात दोन. मारिनोसचे मोठे मैदान शिन-योकोहामा स्थानकाजवळ, सुमारे ७२,००० आसनांचे. २००२ चा अंतिम सामना इथलाच. योकोहामा एफसीचे मित्सुझावा मैदान लहान, पंधरा हजारांच्या आसपास, पण प्रेक्षक खेळाच्या अगदी जवळ. योकोहामा स्थानकाच्या पश्चिम बाजूने बस मिळते, किंवा ब्लू लाइनच्या मित्सुझावा-कामिचो स्थानकावरून पंधराएक मिनिटे चालायचे. फुटबॉल म्हणून पाहायचे तर मित्सुझावा निवडा.

निवृत्ती कधी घेतली आणि पुढे काय केले?

२०२२ च्या हंगामाअखेर, वयाच्या ४४ व्या वर्षी. शेवटच्या काळात घोट्याने साथ सोडली होती. २०२३ पासून त्याने योकोहामा एफसीमध्येच प्रशिक्षक म्हणून काम सुरू केले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मित्सुझावावर त्याचा निरोपाचा सामना झाला.